सहाव्या तुकड्याची वरची बाजू

३ मार्च

प्रिय मामा,

'तीर्थरूप' लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही लगेच मामीला म्हणता, "बघ, भाचीला काहीतरी हवंय." खरं तर हवंच आहे. फोन केला असता, पण फोनवर आपलं बोलणं म्हणजे दोन टोकांना दोघांनी बोंब मारणं. जहाजावरच्या त्या दोर ओढणाऱ्या विंचशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, त्याला मी काय करणार?

२७ तारखेला माझी तोंडी परीक्षा आहे. चार वर्षांचा प्रबंध ज्या कोअरवर उभा आहे, तो तुमच्याच हातचा: बावीस वर्षांपूर्वीच्या ध्रुवाकडच्या सफरीतला नववा कोअर. त्यातही सगळी मदार तुकडा सहावर. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, तरी मी एकदा पहिल्यापासून मांडते, म्हणजे माझं कुठे चुकतंय ते तुम्हाला दिसेल.

कोअर म्हणजे समुद्राच्या तळात लांब नळी खुपसून काढलेला आणि तुकडे करून ठेवलेला गाळ. खालचा जुना, वरचा नवा. बर्फ समुद्रापर्यंत पसरलेला असतो तेव्हा हिमनग सुटतात आणि वितळताना पोटातली खडी खाली टाकतात, म्हणून त्या काळातला गाळ राखाडी, खडबडीत. पाणी मोकळं असतं तेव्हा बारीक शेवाळ माजतं, म्हणून तो गाळ हिरवट आणि मऊ. तुकडा सहामध्ये तळाशी हिरवट गाळ आहे, मग रेघ मारल्यासारखा एकदम राखाडी, आणि तिथून वर सव्वा मीटर हळूहळू पुन्हा हिरवट. म्हणजे बर्फ एकदम आला आणि जायला त्यानं चार हजारांहून जास्त वर्षं घेतली. बाकी सगळीकडे नेमकं उलटं दिसतं. बर्फ सावकाश वाढतो आणि जातो धडाधड. आमचाच तुकडा जगावेगळा. माझ्या मार्गदर्शक सरांचं नाव झालं ते त्यावरच. बंदरांचे धक्के किती उंच बांधायचे ते ठरवणारी मंडळीसुद्धा सरांचा तो लेख पुढे करतात: बघा, बर्फ सावकाश जातो, समुद्रही सावकाशच चढेल, घाई नाही.

गेल्या आठवड्यात नवं यंत्र आलं म्हणून हौसेनं तुकड्याचा एक्स-रे काढला. मधोमध बदामाएवढा एक दगड आहे. हिमनगातून सुटलेला दगड मऊ गाळावर पडला की त्याच्या खालचे थर दबतात, गादीवर कुणी बसल्यावर दबावेत तसे. माझ्या दगडाच्या वरचे थर दबलेत, आणि खालचे सरळ आहेत. मामा, दगड कधी वरच्या दिशेनं पडतो का हो?

सर म्हणतात, नळी घुसताना गाळ ओढला जातो, त्यानं थर वाकतात. एका दगडापायी चार वर्षं पणाला लावू नकोस. त्यांचं बरोबरही असेल. म्हणून तुम्हाला विचारते. जहाजावर तो तुकडा उलटा जाणं शक्य आहे का? तुम्ही "नाही" म्हणालात की माझा जीव भांड्यात पडेल. एका वेगळ्या कागदावर तसं लिहून, सही करून पाठवाल का? फाईलला लावीन. परीक्षेला बाहेरून येणाऱ्या बाई फार कडक आहेत म्हणे.

तुमची,
खडू

८ मार्च

खडू,

लहानपणी तू फळ्याचे खडू खायचीस तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, ही पोरगी पुढे गाळ चाटणार. पण तो चाटता चाटता मामाची अक्कल काढशील असं वाटलं नव्हतं.

माझ्या हातचा तुकडा उलटा? बत्तीस वर्षं, सोळा सफरी! करवतीचं पातं हाताला चिकटायचं अशा थंडीत मी उभा राहिलो. पद्धत तुला ठाऊक आहे. नळी डेकवर आली की दीड-दीड मीटरवर कापायची, आणि कापल्याबरोबर, हातातून खाली ठेवायच्या आधी, वरच्या टोकाला निळं टोपण, खालच्या टोकाला पांढरं. आत प्रयोगशाळेतली मंडळी टोपण बघूनच नळीवर वरची बाजू दाखवणारा बाण काढतात. टोपण चुकलं की बाण चुकला, आणि बाण चुकला की पुढे सगळं मुसळ केरात. म्हणून ते काम कॅप्टनच्या बापालाही देत नसत. ते माझ्याकडे होतं.

आता एक यंत्र आलं आणि ते म्हणेल ती पूर्व दिशा, होय ना? तुझे सर बरोबर सांगताहेत. वयानं नाही तरी अनुभवानं मोठे आहेत, त्यांचं ऐक.

सोबत कागद जोडला आहे. तारीख घातली आहे, सही ठोकली आहे. जा, छाती काढून परीक्षा दे. आणि हा विषय पुन्हा काढू नकोस.

मामी विचारते, वेळेवर जेवतेस का.

मामा

१३ मार्च

बाळ खडू,

यांना न सांगता लिहिते आहे. पोस्टात टाकायलाही मीच जाणार.

तू यांना काय लिहिलंस ग बाई? तुझं पत्र आल्यापासून घरात माणूस नाही, तापलेला तवा वावरतोय. उत्तर लिहिताना चार कागद फाडले. आता रोज दुपारी टेबलाशी बसतात. घरातल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं गोळा केलीत, लाल नि हिरवी. ती डोळे मिटून मिसळायची, मग दोन ढीग करायचे आणि मला हाक मारायची: "बघ ग, बरोबर आहेत का." परवा दहात चार चुकली. मी हसून म्हटलं, अहो, बालवाडीतलं पोर बरं. तर झाकणं भिंतीवर भिरकावली! आमच्या संसाराला अडतीस वर्षं झाली, या माणसानं कधी वाटी आपटलेली मला आठवत नाही.

कपड्यांचे रंग यांना कधीच कळले नाहीत. लग्नानंतर महिनाभरातच माझ्या ध्यानात आलं होतं. पुरुषांना कुठे काय कळतंय, म्हणून सोडून दिलं. पण हे वेगळं दिसतंय. माझ्या सासऱ्यांचं शेवटी डोकं चालेनासं झालं, त्याची सुरुवात अशीच काहीबाही होती. मला धास्ती वाटते ग. डॉक्टरकडे न्यावं का? पण नेऊ कशी, "मला काय धाड भरलीय" म्हणून अंगावर येतील. तू शिकलेली आहेस, काय ते कळव. पत्र शेजारणीच्या पत्त्यावर पाठव.

तुझी मामी

१७ मार्च

मामा,

मामीनं मला लिहिलं. तिच्यावर ओरडू नका. तिला वाटतंय तुम्हाला वेड लागतंय.

तुमचा कागद मिळाला तेव्हा मी उडीच मारली होती. फाईलला लावला, सरांना दाखवला, सर "बघ, सांगत नव्हतो?" म्हणाले. मग मामीचं पत्र आलं. ते दोनदा वाचलं आणि तडक तळघरात जाऊन त्या सफरीची रोजनिशी काढली. सतराव्या दिवसाची नोंद तशीच उतरवून देते: "निळी टोपणं संपली. नवव्या कोअरला गोदामातली लाल व हिरवी वापरावीत. लाल वर, हिरवं खाली." खाली मुख्य शास्त्रज्ञांची सही.

तुम्ही मला निळं-पांढरं लिहिलंत. नवव्या कोअरला निळं नव्हतंच. आणि ते तुम्ही विसरलात हे मी मानणार नाही, कारण कुठल्या सफरीत स्वयंपाक्यानं कुठल्या दिवशी भात करपवला होता हेही तुम्हाला आठवतं.

तेव्हा सरळच विचारते, माफ करा. लाल आणि हिरवं तुम्हाला वेगळं दिसतं का, मामा?

ती टोपणं आता नाहीत. तुकडे उभे चिरले तेव्हाच फेकून दिली गेली. उरलाय तो आतल्या माणसानं टोपण बघून काढलेला बाण. म्हणजे माझ्याकडे एका बाजूला एक दगड आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमचा शब्द. शब्द गेला तर प्रबंध गेला, सरांचा लेखही गेला.

सरांना रोजनिशी दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्याकडे सही केलेला कागद आहे. त्याच्या मागे जायची तुला गरज नाही." गरज नाही हे खरं आहे. पण मला जे कळलंय ते मी कुठे नेऊन पुरू?

दहा दिवस राहिलेत. दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालतील.

खडू

२३ मार्च

मामा,

सहा दिवस झाले. पोस्टमनला मी रस्त्यात दोनदा अडवलं. आता तो मला बघून पलीकडच्या फुटपाथवर जातो.

तुम्ही गप्प का आहात ते मला कळलं. "हो" लिहवत नाही आणि दुसऱ्यांदा "नाही" लिहवत नाही. ठीक आहे. मी विचारायलाच नको होतं.

मी अकरा वर्षांची असताना तुम्ही मला पहिल्यांदा कोअर ठेवतात त्या कोल्ड स्टोअरमध्ये नेलंत. तुमचा कोट माझ्या घोट्यापर्यंत येत होता. रॅकच्या रांगांमधून तुम्ही चालत होतात आणि मोठमोठे डॉक्टरेटवाले बाजूला होऊन तुम्हाला वाट देत होते. त्या दिवशीच ठरवलं होतं मी, हेच करायचं. आज त्या दारात तुमचा फोटो आहे. नव्या लोकांना टोपणं कशी लावायची ते तुमच्या पद्धतीनं शिकवतात. तो फोटो मी माझ्या हातानं उतरवणार नाही.

२७ ला विचारलं तर कागद दाखवीन. एक्स-रेचा तक्ता काल छापून आला. त्यात दगड नाही. मी चित्र त्याच्या वरच कापलं.

तुमच्यासाठी करते आहे हे. पण रागही आलाय तुमचा, तो लपवत नाही. मला एकटीला टाकलंत तुम्ही.

खडू

२४ मार्च

खडू,

तुझं १७ चं पत्र खिशात घेऊन फिरतोय. घडीवर फाटलं आता.

नाही दिसत. लाल आणि हिरवं दोन्ही मला सारखंच, वाळलेल्या मातीच्या रंगाचं दिसतं. नोकरी लागताना डोळे तपासले, तेव्हा ठिपक्यांची चित्रं आधी जाऊन आलेल्या एकाकडून पाठ करून घेतली होती. पाठांतर माझं पहिल्यापासून चोख. पुढे टोपणं कायम निळी-पांढरी, त्यामुळे सगळं निभावलं.

त्या दिवशी निभावलं नाही. गोदामवाल्याकडून दोन पिशव्या वेगवेगळ्या मागून घेतल्या. लाल उजव्या खिशात, हिरवी डाव्या. पाच तुकडे तसे व्यवस्थित झाले. सहावा कापला आणि जहाज कलंडलं. मी आडवा, टोपणं डेकभर. रांगत रांगत गोळा केली. शेजारी तिघं उभे होते. नुसतं विचारायचं होतं, "लाल कुठलं?" दोन शब्द ग. पण चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, बारा सफरी झालेला, अख्ख्या जहाजाचा टोपणवाला, असं विचारणार कसा? पुढच्या सफरीला मला घेतलं नसतं. मी त्यातल्या त्यात उजळ दिसली ती लाल धरली आणि लावत गेलो. सहा, सात, आठ, नऊ. एखाद्या तुकड्याला दोन्हीकडे एकच रंग लागला असता तर आतल्यांनी पकडलं असतं. तसं झालं नाही. मनात म्हटलं, सुटलो.

मग तुझ्या सरांचा लेख आला. बर्फ सावकाश गेला म्हणे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतोच की! त्या निम्म्यावर मी बावीस वर्षं काढली. आणि ती धक्क्यांची उंची ठरवणारी माणसं तो लेख दाखवतात हे तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून घास उतरत नाही.

तेव्हाची चूक भीतीपोटी झाली. तुला कागद दिला तो मात्र नुसता माज होता. त्याची मला जास्त लाज वाटते. तू विचारलं होतंस, पोरी. तुझ्या तोंडावर खोटं बोललो.

तू माझ्यासाठी गप्प बसशील हे मला पक्कं माहीत आहे, आईवर गेली आहेस. म्हणून तुला न विचारता एक केलं. तू परीक्षेचं निमंत्रण पाठवलं होतंस त्यावर बाहेरच्या परीक्षक बाईंचं नाव आणि कार्यालय होतं. आज सकाळी त्यांना सगळं खरं लिहून रजिस्टर टपालानं पाठवलं. आता तुला काही ठरवायला नको. जे व्हायचं ते माझ्या सहीनं होईल.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं वेड लागलं." मग रडली.

मामा

२९ मार्च

मामा,

तुमचं २४ चं पत्र मला काल, २८ ला मिळालं. परीक्षा परवाच झाली. म्हणजे तुम्ही बाईंना लिहिलंय हे मला तिथे माहीत नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचताना ते तुमच्या लक्षात असायला हवं.

खोली लहान होती. टेबलाच्या पलीकडे चौघं, त्यात सर खिडकीपाशी. बाईंनी प्रबंध उघडलासुद्धा नाही. पहिलाच प्रश्न: "तुकडा सहाची वरची बाजू कुठली, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी फाईल उघडली. तुमचा कागद सगळ्यात वर होता. अर्धा बाहेर काढला आणि तुमची सही दिसली. मामा, तुमची सही मी लहानपणापासून बघतेय, प्रगतिपुस्तकावर आईच्या जागी तुम्हीच करायचात. या कागदावर ती थरथरलीय. इतके दिवस कागद माझ्याजवळ होता आणि मी ते पाहिलं नव्हतं. पाहायचंच नव्हतं मला.

मी कागद आत सरकवला. म्हटलं, "कळलेलं नाही. मला वाटतं तो उलटा आहे. एक्स-रेमध्ये एक दगड आहे, तो मी तक्त्यातून कापला. पूर्ण चित्र माझ्याकडे आहे." तुमचं नाव घेतलं नाही. सर उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

बाईंनी पर्समधून तुमचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हे कालच आलं. तुम्ही आत सरकवलेला कागद माझ्यासमोर ठेवला असतात, तर मी परीक्षा इथेच थांबवली असती." मग त्यांनी दोन तास मला पिळून काढलं. प्रबंध परत दिलाय. वर्षभराची मुदत, सगळं नव्यानं. तक्ता कापल्याबद्दल लेखी समज मिळाली, ती मला मिळायलाच हवी होती.

सर बोलत नाहीत. पण काल सकाळी कोल्ड स्टोअरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवलेली होती. ती फक्त त्यांच्याकडेच असते. मासिकाला लेख मागे घेण्याचं पत्रही त्यांनी धाडलंय, कारकुनाकडून कळलं. तुमच्या फोटोचं काय करायचं ते संचालक ठरवताहेत. राहीलच असं सांगत नाही. आता आपल्यात खोटं नको.

काल दुपारी तुकडा सहा काढला आणि एकटीनं फिरवून ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजला. आता बर्फ सावकाश वाढताना दिसतो, सव्वा मीटरभर, हजारो वर्षं. आणि मग ती रेघ येते. राखाडी संपतो, हिरवट सुरू. ती रेघ मी आजवर बर्फ येण्याची समजत होते. ती जाण्याची आहे. जाडी दोन सेंटिमीटर. त्या कोअरमध्ये तीस सेंटिमीटर गाळ साचायला हजार वर्षं लागतात, म्हणजे दोन सेंटिमीटरला साधारण सहासष्ट. मी तीनदा गणित केलं. तुमचं वय सहासष्ट आहे, मामा. तुम्ही जन्मलात तेव्हा जो बर्फ नजर पोचेल तिथवर असता, तो आज तुमच्या डोळ्यांदेखत संपलेला असता. आणि आम्ही बंदरवाल्यांना सांगत होतो, चार हजार वर्षं आहेत, घाई नाही. बाईंनी त्यांना काल तार केल्यासारखं तातडीचं पत्र पाठवलं.

एका तुकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. सोमवारी सात, आठ, नऊ एक्स-रेला काढतेय. पण प्रत्येक तुकड्यात दगड सापडेलच असं नाही. पडल्यावर तुम्ही कुठल्या बाजूला तोंड करून उठलात, कुठल्या हातानं कुठलं टोक धरलंत, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा या. लोक बघतील, कुजबुजतील, बघू देत. कोट माझ्याकडे आहे, आता मला अंगाबरोबर होतो, पण तुम्हाला देईन.

लाल आणि हिरव्या टोपणांची नवी पिशवी आणून ठेवलीय. तुम्ही त्या दिवशी केलंत ते सगळं तसंच करून दाखवा. रंग मी सांगते.

खडू